दोन बोटं माया

म्हातारपणाची वाट बघणारी एकच बाई माझ्या पाहण्यात आहे, आणि ती माझी सख्खी ताई आहे. स्वतःच्या म्हातारपणाची नव्हे, ते न बोलावता आलंच. ती वाट बघत होती तिच्या झाडाच्या म्हातारपणाची.

झाड अंजिराच्या कुळातलं, उथळ कुंडीत वाढवलेलं बोन्साय. वय वर्षं सव्वीस, उंची माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कुळ अंजिराचं असलं तरी खायला काही मिळेल ही आशा नको. वाटाण्याएवढी फळं येतात, तीही बघायचीच. ताई जन्मभर दातांच्या कवळ्या बनवायची आणि लोकांच्या तोंडात बसवून द्यायची. कवळ्यांचे साचे ओतायच्या प्लॅस्टरची एक जुनी बादली होती, तिच्यात तिने पेन्सिलीएवढी काडी रुजवली, आणि त्या काडीचं हे झाड झालं. केसाच्या निम्म्या जाडीचा फरक या बाईला बोटाने कळतो. असल्या बाईचा धाकटा भाऊ होणं सोपं नाही. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. त्यामुळे आई म्हणून ओरडायचं आणि बहीण म्हणून चिडवायचं, ही दोन्ही कामं तिच्याकडेच आहेत.

मी शिंपी. कोट आणि विजारी शिवतो. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात, ताई बारक्या म्हणते. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला बारक्या.

तर बोन्सायवाल्यांचं दर दोन वर्षांनी प्रदर्शन भरतं. गेल्या खेपेला जाड चष्म्याचे एक परीक्षक ताईच्या झाडाभोवती दोनदा फिरले, खाली वाकले, मान हलवली आणि कार्डावर लिहून गेले: 'घडण उत्तम. साल पोरसवदा.' ताई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. बोन्सायची सगळी गंमत अशी की झाड असावं हातभर आणि दिसावं शंभर वर्षांचं. ताईच्या झाडाला मुळं होती, फांद्यांचा तोल होता, पण खोड नुकत्या न्हालेल्या पोरासारखं गुळगुळीत. फांद्या वळवता येतात, पानं लहान करता येतात. सालीचं वय मात्र हाताने आणता येत नाही, त्याची वाट बघावी लागते. म्हणून ती वाट बघत होती. सत्तरी उलटली होती आणि पुढच्या प्रदर्शनाला झाड पुन्हा मांडायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

मध्येच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशन भाचीच्या गावी, मग तिच्याकडेच तीन महिने मुक्काम, आणि परत यायचं ते प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी. एवढे दिवस झाड कोणाकडे? एरवी झाड बघणारी शेजारीण घर बदलून गेलेली. ताई झाड घेऊन दुकानात आली, कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, की दुसरं कोणी नाही म्हणून तुझ्याकडे. हे तोंडावर. वर तिने माझी जुनी पापं मोजून दाखवली: मी दहाव्या वर्षी उघडून बघितलेलं तिचं घड्याळ, सोळाव्या वर्षी पंक्चर करून आणलेली सायकल, तिच्या लग्नातला बिघडवलेला कॅमेरा. तिच्याकडून नेलेली एकही वस्तू मी धड परत केलेली नाही, हे खरं आहे. मी वरवर हसलो, पण मला लागलं. मी मनाशी ठरवलं की हे झाड तिला जसंच्या तसं परत द्यायचं, पान न पान. जन्मात एकदा तरी तिची वस्तू तिच्या हातात धड ठेवायची.

तिने एक कागद दिला. मुंगीच्या पायाएवढं अक्षर, एकोणीस कलमं. पाणी किती, ऊन किती, कुंडी आठवड्याला पाव फेरा कुठल्या बाजूने फिरवायची. सातव्या कलमाखाली दोन रेघा: 'डावीकडची लांब फांदी कापू नये.' ही फांदी म्हणजे नीट बेतलेल्या कोटातून लोंबणारा धागाच दिसायची. रोज सकाळी माझा हात शिवशिवायचा. शेवटी बायकोने त्या टेबलावरची कात्रीच उचलली आणि काजं-बटणांच्या डब्यात आपल्याजवळ ठेवली. एकोणीस कलमांत सालीबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. सव्वीस वर्षांत जे झालं नाही ते तीन महिन्यांत होईल असं ताईला वाटलंच नसणार.

पहिला महिना मी आदर्श पालक होतो. ताई दर रविवारी फोन करायची, आणि मी कसा आहे हे विचारायच्या आधी खोड कसं आहे हे विचारायची. मी म्हणायचो, त्याला काही खोड नाही, फार गुणी आहे. ती हसायची नाही. असले विनोद मी लहानपणापासून तिच्यावर करत आलोय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती माझी.

पाचव्या आठवड्यात बायको झाडाला पाणी घालता घालता म्हणाली, "अहो, साल बदलतेय." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. नव्या वर्षाला अजून पुष्कळ अवकाश होता. मग तिने बोट दाखवलं तिकडे बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बुंध्यावर फिकट पुटकुळ्या आल्या होत्या, आडव्या ओळींत, बारीक खसखशीएवढ्या. हिरवट राखाडी कातडी काळवंडली होती. मुळांपासून वर चार बोटांपर्यंत उभ्या भेगा गेल्या होत्या, आणि एका भेगेच्या कडेला पातळ पापुद्रा सुटून उभा राहिला होता, भिंतीचा जुना रंग सुटतो तसा. मी बोट लावलं तर तो हातात आला.

आता कोणी म्हणेल, ही तर म्हातारी साल, नाचायला हवं होतं. पण माझ्या धंद्यात जुनं म्हणजे गुळगुळीत. कोटाची बाही कोपराशी चमकायला लागली की कोट जुना. विजार बसून बसून तुळतुळीत झाली की विजार जुनी. पस्तीस वर्षं मी वय ओळखत आलो ते चकाकीवरून. तेव्हा झाडाची साल म्हातारी होईल ती झिजून, काळी होऊन, चमकून, असं मी कधीच स्वतःशी ठरवून ठेवलं होतं. खरखरीत, फुटकी, पुटकुळ्यांची साल म्हणजे रोग. ताईला विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे बिघडलंय हे सांगायचं, आणि घड्याळ, सायकल, कॅमेरा यांच्या यादीत चौथी वस्तू आपल्या तोंडाने घालायची. त्या रविवारीही मी फोनवर म्हणालो, मजेत आहे.

इलाज मात्र हवा होता, आणि तो चालत दुकानात आला. त्वचेचे एक डॉक्टर माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या कोटाची ट्रायल होती. डाव्या बाहीला टाचण्या लावता लावता मी विषय काढला. झाड म्हटलं असतं तर त्यांनी मला हसण्यावारी नेलं असतं, म्हणून मी म्हणालो, "ताईचं एक लेकरू आमच्याकडे राहायला आहे. सव्वीस वर्षांचं. अंगावर पुटकुळ्या आल्यात, कातडीला भेगा पडतात, पापुद्रे निघतात."

डॉक्टरांनी विचारलं, खाजवतं का. मी म्हणालो, छे, अगदी शांत असतं, जागचं हलत नाही. त्यांनी विचारलं, आंघोळ. मी म्हणालो, रोज सकाळी एक पेला पाणी. जास्त झालं तर मुळं कुजतात. डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. केसांची मुळं अशी कुजत नाहीत, असं त्यांनी मला समजावलं, आणि एका पेल्यात आंघोळ होत नाही हेही. मग म्हणाले, हवा कोरडी आहे, कातडी कोरडी पडली आहे. सुटलेले पापुद्रे मऊ ब्रशने काढून टाका, मऊ सुती कपडा ओला करून गुंडाळा, ओलावा टिकू द्या. एकदा घेऊन या म्हणाले. मी बरं म्हणालो आणि उजव्या बाहीकडे वळलो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्याबाबतीत झालंच. पण त्यापुढे मी हातही लावले. कोटाच्या ब्रशने मी खोड झाडून काढलं. अगदी हलक्या हाताने, वरून खाली, मखमल झाडतात तसं. सगळे पापुद्रे निघाले. खालून स्वच्छ, कोवळी कातडी आली आणि मला हायसं वाटलं. पापुद्रे मी सुपडीत भरले आणि केरात टाकले.

मग मी झाडाला जाकीट शिवलं.

हे सांगताना आता कान गरम होतात, पण ते जाकीट सुंदर झालं होतं. पांढरं फ्लॅनेल, सुती, आधी धुऊन घेतलेलं. बुंध्याचं माप साडेनऊ इंच, पहिल्या फांदीशी सात. खोडाला जिथे बाक आहे तिथे मी चीर घेतली, मुळांशी घेर यावा म्हणून कापडाच्या तीन कळ्या जोडल्या. अंगाबरोबर शिवायचं म्हणून शिवण हातानेच घातली, खोडावरच, समोरच्या बाजूने. इंचाला बारा टाके. दोन गिऱ्हाइकांचे कोट त्या आठवड्यात राहिले, पण झाडाचं जाकीट वेळेवर झालं. मी त्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचो, इस्त्रीच्या बाटलीनेच. येणारेजाणारे कौतुक करायचे. एका बाईंनी आपल्या कुत्र्यासाठी तसलं हवं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मी जनावरांचं शिवत नाही.

सात आठवडे गेले. थंडी सरली, खिडकीतलं ऊन टेबलावर यायला लागलं. झाडाला नवी पानं आली, डावीकडची ती मोकाट फांदी वीतभर पुढे गेली. ताई यायला चार दिवस होते तेव्हा सकाळी मला जाकिटाच्या शिवणीत एक टाका तुटलेला दिसला. खाली दुसरा. माझ्या हातचा टाका तुटत नाही. मी कापड चिमटीत धरायला गेलो तर चिमूट बसेना, ढोलाच्या कातड्यासारखं ताणलेलं.

मी म्हणालो, फ्लॅनेल आटलं.

बायको काजं करत होती. तिने वर न बघता सांगितलं की ते कापड तिने स्वतः दोनदा धुऊन वाळवलं होतं, आता ते आटायचं नाही. मग ती उठली, जवळ आली, तुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माया ठेवली नव्हतीत?"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. पोराच्या कपड्यात माया ठेवायची, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येतं. ज्याचं अंग आणखी भरणार त्याच्यासाठी ठेवायची. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. पण सव्वीस वर्षांचं झाड, त्यातून बोन्साय, त्याची वाढ संपली असंच मी धरून चाललो होतो. वाढ संपलेल्या माणसाला माया कशाला, अंगाबरोबर शिवावं. कापड आटलं नव्हतं, आत झाड वाढलं होतं. टेप लावला. पावणेदहा. पाव इंच, म्हणजे दोन सूत.

मी शिवण उसवली. खोडावर समोरच, मुळांपासून पहिल्या फांदीपर्यंत, एक खोल रेघ उमटली होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक तिरप्या खुणा. इंचाला बारा. माझी शिवण झाडाच्या अंगावर उतरली होती. बाकी साल ओलाव्याने मऊ, फिकट, गेल्या खेपेपेक्षाही पोरसवदा. आणि रेघेच्या वर पाच ठिकाणी पांढरे धागे लोंबत होते. फ्लॅनेलचे. शिंप्याचा हात असा आहे, की लोंबता धागा दिसला की तो डोक्याला विचारायला थांबत नाही. मी बायकोच्या डब्यातली कात्री घेतली आणि एक धागा मुळाशी कापला.

कापल्या जागी दुधाचा थेंब आला.

धाग्याला दूध येत नाही. मी कात्री खाली ठेवली. बायको हळूच म्हणाली, "ते मूळ आहे." मग आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत उभे राहिलो, आणि तो खोडावरून ओघळून माझ्याच टाक्यांत जिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

चार दिवस मी काय काय बेत केले ते सांगण्यात अर्थ नाही. त्यातला मुख्य बेत म्हणजे नवं, सैल, रंगीत जाकीट शिवायचं आणि ताईला म्हणायचं, भेट. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायको म्हणाली, "ताईंनी जन्मभर लोकांना आ करायला लावलंय. त्या जाकीट काढून बघणार नाहीत?" मग ती जरा मऊ होऊन म्हणाली, की सांगून टाका, ओरडतील आणि संपेल. ओरडण्याची भीती मला नव्हतीच. ताई न ओरडली तर काय, याची होती.

ताई काठी टेकत दुकानात आली, ट्रायलच्या स्टुलावर बसली, पाय लांब केला. झाड टेबलावर, उघडं. तिने पिशवीतून भिंगाचा चष्मा काढला, कवळ्या घासताना घालायची तो. दातांत खुपसायची ती बारीक वाकडी सळई काढली. आणि बघायला लागली. मी एका दमात सगळं बोललो: पुटकुळ्या, डॉक्टर, ब्रश, जाकीट, सूत, धागा. एकही गोष्ट गाळली नाही. सगळं सांगून झालं तरी ती बघतच होती.

"सुटलेली साल कुठे टाकलीस?"

"केरात. तेव्हाच."

तिने चष्मा काढला.

"बारक्या, ती साल सुटलेली नव्हती रे. ती आली होती."

मग तिने समजावून सांगितलं, आवाज न चढवता, आणि तेच वाईट होतं. झाड आतून जाड होतं, पण बाहेरची कातडी मेलेली असते, ती वाढत नाही. मग ती ताणते, फाटते, भेगा पडतात, कडा सुटतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की त्याला आपण म्हातारं खोड म्हणतो. पुटकुळ्या म्हणजे झाडाची श्वास घ्यायची भोकं. साल जाड व्हायला लागली की ती ठळक दिसतात. खोड भरावं म्हणूनच ती फांदी मोकाट सोडली होती. तिच्या जोरावर खोड एकदाचं भरलं आणि साल एकदाची फुटली, नेमकी ताई नसताना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईला रडताना मी आईच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, ताई, चुकलं.

ती बराच वेळ शिवणीच्या रेघेवरून नख फिरवत राहिली. वरून खाली, खालून वर. मग विचारलं, "इंचाला किती टाके?"

"बारा."

तिने साडीचा काठ गुडघ्याच्या वर घेतला. गुडघ्यावर उभी लाल रेघ, टाक्यांच्या खुणांसकट, मध्ये जरा सरकलेली. "या मोठ्या डॉक्टरने चार घातले," ती म्हणाली, "तेही वाकडे." आधी बायकोला हसू फुटलं. मग ताईला. मी हसावं की नाही ते मला कळत नव्हतं, म्हणून मी चहा सांगायला गेलो.

परत आलो तर ती पुन्हा भिंग लावून बसली होती आणि मुळं मोजत होती. पाच जागा, मुळं चार. पाचव्याची हकिगत तिने पुन्हा विचारली, मी पुन्हा सांगितली. धागा वाटला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दहा वर्षांचा झालो आणि हातात उघडं घड्याळ होतं. पण आवाजात आता वेगळंच काही होतं. ही हवेतली मुळं, पारंब्या, तिला सव्वीस वर्षांत एकदाही मिळाल्या नव्हत्या. तिच्या घरातली हवा कोरडी. मी ओल्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं, आणि झाडाला वाटलं असणार आपण कुठल्या दाट रानात आहोत. ही चार खाली उतरून मातीत शिरली, जाड झाली, की खांबांसारखी उभी राहतील आणि शिवण त्यांच्यामागे जाईल. मागे साल हळूहळू पुन्हा येईल. मात्र तोवर त्यांना ओलावा हवा.

"जाकीट शीव," ती म्हणाली. "खालून मोकळं. आणि दोन बोटं माया ठेव."

मी प्रदर्शनाचं विचारलं. म्हटलं, कुंडी फिरवून उलटी ठेवता येईल, मागची बाजू तेवढी वाईट नाही. ताई म्हणाली की तिने जन्मात कोणाला कवळी उलटी बसवून दिली नाही, झाडही देणार नाही. या खेपेला नाही, म्हणजे नाही. झाड कुठे ठेवायचं हे मी विचारलंच नाही; चहा पिऊन ती काठी टेकत गेली आणि झाड टेबलावरच राहिलं. एकोणीस कलमांच्या कागदावर तिने जाता जाता विसावं लिहिलं होतं: 'धागे कापू नयेत.'

प्रदर्शनाच्या दिवशी ती घरी बसून राहील असं मला वाटलं होतं. सकाळी दहाला ती दारात उभी, चांगली साडी, काठी, भिंगाचा चष्मा. म्हणाली, चल, लोकांच्या साली बघू. दालनात लांब टेबलांवर पांढरी कापडं, त्यावर झाडं, प्रत्येकासमोर कार्ड. टेबलांची कापडं कोणीतरी कडा न दुमडता नुसती कापून टाकली होती. ताई एकेका झाडापुढे थांबायची, वाकायला जमत नसल्याने मला वाकायला लावायची आणि विचारायची, भेगा उभ्या की आडव्या, पापुद्रा पातळ की जाड, कडा वर वळली आहे का. पहिल्या चार झाडांना मी चुकलो. पाचव्याला मी म्हणालो, हे वरून रंगवलंय, भेगेच्या आतही तोच रंग आहे. ताईने भिंग लावून बघितलं आणि काही न बोलता पुढे गेली. ताईकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

तेवढ्यात ते जाड चष्म्याचे परीक्षक आले. त्यांनी ताईला ओळखलं आणि टेबलांवरून नजर फिरवली.

"तुमचं अंजीर दिसत नाही यंदा."

मी तिच्या पाठीमागे झालो. एवढ्या लोकांत ती सांगणार, भावाने वाट लावली, आणि ते खरंच होतं.

"दुरुस्तीला टाकलंय," ताई म्हणाली.

"कोणाकडे?"

तिने काठी उचलून माझ्याकडे रोखली. "हा. फार चांगला शिंपी आहे."

परीक्षकांना काही कळलं नाही, पण माणूस सभ्य होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, कधीपर्यंत होईल. पस्तीस वर्षं हा प्रश्न मी ऐकत आलोय आणि पस्तीस वर्षं बेधडक उत्तर देत आलोय: मंगळवारी या, पुढच्या आठवड्यात नक्की, फक्त इस्त्री राहिली आहे. त्या दिवशी तोंडातून तारीख निघेना. मुळं मातीत उतरायला दोन वर्षं, जाड व्हायला आणखी तीन, साल परत फुटायला किती कोणास ठाऊक. आणि माझ्या समोर एकाहत्तर वर्षांची माझी ताई, एका पायावर भार देऊन उभी.

"वेळ लागेल," मी म्हणालो.

"लागू दे," ताई म्हणाली. "मी आहे."

आणि काठी टेकत पुढच्या झाडाकडे गेली, आणि तिथून मला हाक मारली, की इकडे ये आणि वाक.